स्विचच्या एपीआयवर सोमवारी सकाळी ४०१ येतो आणि अर्ध्या तासात आपोआप जातो

घाईत असाल तर आधीच सांगून टाकतो: नेटवर्क स्विचच्या एपीआयवर, म्हणजे स्क्रिप्टला स्विचशी बोलता यावं म्हणून ठेवलेल्या वेबच्या दारावर, लॉगिनला ४०१ असा नकार येत असेल तर पासवर्ड बरोबर आहे, स्विचही ठणठणीत आहे, फक्त त्याच्यावरच्या वेब सेशन्सच्या (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतच्या बैठकींच्या) जागा भरल्यात आणि त्या बहुतेक तुमच्याच स्क्रिप्टने खाल्ल्यात. काही सेशन्स आपण उघडतो आणि बंद करायला विसरतो, ते सगळ्यांना माहीत असतं. पण काही अशी असतात की जी उघडली गेली हे स्क्रिप्टला कधी कळतच नाही, आणि या दुसऱ्या प्रकाराने माझे जवळजवळ दोन महिने घालवले, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आमचा पसारा सांगतो म्हणजे पुढचे आकडे समजतील. इंजिनिअरिंग कॉलेज, ३८ मॅनेज्ड (लॉगिन करून सेटिंग बदलता येतात असे) स्विच, त्यातले १४ लॅबमध्ये. लॅबचे पोर्ट एरवी विद्यार्थ्यांच्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) असतात, ऑनलाइन परीक्षा असली की तेवढ्या वेळापुरते परीक्षेच्या व्हीलॅनमध्ये टाकायचे, तिथून फक्त परीक्षेचा सर्व्हर दिसतो आणि बाकी इंटरनेट बंद. आधी हे मी सकाळी आठला येऊन हाताने करायचो. मग एक पायथन स्क्रिप्ट लिहिली जी एसएसएचने (दुरून स्विचच्या कमांड लाइनवर जायची सोय) आत शिरून कमांड टाकायची आणि समोर आलेला मजकूर वाचून काय झालं याचा अंदाज बांधायची. अंदाजच तो! एका फर्मवेअर अपग्रेडनंतर शो कमांडच्या टेबलातला एक कॉलम दोन अक्षरं सरकला आणि स्क्रिप्टने निम्म्या पोर्टांचे नंबर चुकीचे वाचले. तेव्हाच ठरवलं की आता वेब एपीआयवर जायचं, जेसन (नाव लावलेल्या फील्डांचा ठरलेला मजकूर) द्यायचं, जेसन घ्यायचं, कॉलम मोजत बसायचं नाही.

आमच्या स्विचचा एपीआय वापरायला सोपा आहे. युजरनेम-पासवर्ड लॉगिनच्या पत्त्यावर पोस्ट केला (वेबवर माहिती पाठवायच्या रिक्वेस्टचा प्रकार) की स्विच एक कुकी, म्हणजे सेशनची ओळखचिठ्ठी, देतो, पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ती कुकी पाठवायची आणि काम झालं की लॉगआउटच्या पत्त्यावर पोस्ट करायचं. स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी लिनक्सची सोय) दर पाच मिनिटांनी चालायची, परीक्षा विभागाने भरलेली शीट वाचायची, सगळ्या स्विचवर जाऊन पोर्ट हव्या त्या व्हीलॅनमध्ये आहेत का बघायची, नसले तर बदलायची. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण दोष तिचा नव्हता, आणि कुकी देणारा कुठलाही एपीआय असला तरी हेच होऊ शकतं.

आता दुखणं काय होतं ते. एरवी सगळं सुरळीत, पण मधूनच एखाद्या स्विचवर लॉगिन केलं की ४०१. म्हणजे 'तू कोण ते मला पटलेलं नाही'. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, कधी तिसऱ्या वेळी चालायचं, कधी नाही. ब्राउझरमधून त्याच युजरने बघायला गेलं तरी आत घेत नव्हता. एसएसएच मात्र मस्त चालू. आणि लॅबमधलं नेटवर्क पण मस्त चालू, कारण पोर्टावरून जाणारी पॅकेट्स स्विचची चिप पुढे ढकलत असते, तिला वेब सर्व्हर जिवंत आहे की रुसलाय याच्याशी काही देणंघेणं नसतं. हे मला माहीत होतं, तरी पहिल्यांदा घाबरून मी आख्खा स्विच रीबूट केला, प्रॅक्टिकल चालू असताना, आणि लॅबचे मामा धावत वर आले, "सर, साठच्या साठ मशीन गेल्या!" रीबूटनंतर ४०१ अर्थातच गेला होता, त्यामुळे मला वाटलं इलाज सापडला. असला इलाज कुणी करू नका. वेब सेशन्स तेवढी बंद करायची कमांड बहुतेक स्विचच्या सीएलआयवर (म्हणजे कमांड लाइनवर) असते, नाहीतर नुसती एचटीटीपीएस सेवा बंद-चालू करा, लॅबला कळणारही नाही.

पहिला शहाणपणा मला उशिरा सुचला तो म्हणजे उत्तराचा मजकूर बघणे. माझी स्क्रिप्ट लॉगमध्ये फक्त ४०१ हा आकडा लिहायची. आमच्या स्विचवर पासवर्ड चुकला तरी ४०१ आणि सेशन्सची मर्यादा भरली तरी ४०१, फरक फक्त खाली येणाऱ्या एका ओळीत. ती ओळ छापायला लावली आणि पहिल्याच वेळी स्पष्ट दिसलं, लॉगिन नाकारलं कारण सेशन लिमिट संपली. तोवर माझा दोनदा पासवर्ड बदलून झाला होता. काही स्विचवर अशा वेळी ५०३ येतो, काहींवर ४२९, तेव्हा आकड्यावर विसंबू नका, जे काही उत्तर येईल ते पूर्ण लॉगमध्ये टाका. पासवर्ड आणि कुकी तेवढी वगळून, नाहीतर लॉग फाइल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा होतो.

मर्यादा आमच्या मॉडेलवर अशी: एका युजरला एका वेळी ६ सेशन्स, आणि २० मिनिटं काही हालचाल झाली नाही तर सेशन आपोआप जातं. तुमच्या मॅन्युअलमध्ये हे दोन आकडे शोधून भिंतीवर लिहून ठेवा, बाकी सगळं गणित त्यांच्यावर चालतं.

पहिलं भोक

सुरुवातीला ४०१ फक्त तीन स्विचवर यायचा, नेहमी त्याच तीन. मी हार्डवेअरवर संशय घेतला, एक तर बदलून पण टाकला, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नवीन स्विच बसवला, संध्याकाळी त्यावरही तेच.

कारण असं निघालं. त्या तिन्ही स्विचवर काही पोर्टांना डिस्क्रिप्शन दिलेलंच नव्हतं. एपीआय अशा पोर्टाच्या जेसनमध्ये ते फील्ड रिकामं पाठवत नाही, फील्डच पाठवत नाही. माझा कोड ते फील्ड आहेच असं धरून वाचायला जायचा, की-एरर यायचा, त्या स्विचपुरती स्क्रिप्ट तिथेच आपटायची, बाकीच्या स्विचवर चालू राहायची. आणि लॉगआउट कुठे होतं? फंक्शनच्या शेवटच्या ओळीवर. तिथपर्यंत कधी पोहोचतच नव्हतं.

आता हिशोब करा. दर पाच मिनिटांनी एक सेशन उघडं राहतं, २० मिनिटांनी मरतं, म्हणजे कायम चार उघडी. मर्यादा सहाची, मग चालायला हवं ना? चालत होतंच, म्हणून तर इतके दिवस कळलं नाही. पण हेल्पडेस्कची दोन मुलं त्याच युजरने ब्राउझरमध्ये स्विचचा डॅशबोर्ड उघडून ठेवायची. तो डॅशबोर्ड दर काही सेकंदांनी स्वतःच रिफ्रेश होतो, त्यामुळे ते सेशन कधी निवांत होत नाही आणि मरत पण नाही. चार अधिक दोन सहा. घर भरलं. मग पुढचं लॉगिन चालणार की नाही हे सगळ्यात जुनं सेशन काही सेकंद आधी मेलं की नंतर यावर. म्हणून ते कधी चालायचं, कधी नाही, आणि मुलं जेवायला गेली की सगळं छान. याला कुणी हार्डवेअर इश्यू म्हणेल नाहीतर काय.

इलाज सोपा. लॉगआउट फायनली ब्लॉकमध्ये टाकलं, म्हणजे मधे काहीही फुटलं तरी तिथून जावंच लागतं. त्याहून बरं म्हणजे पायथनचा कॉन्टेक्स्ट मॅनेजर करून टाका, 'विथ' म्हणून आत शिरलं की लॉगिन, बाहेर पडलं की लॉगआउट, मग नंतर दुसऱ्या कुणी नवीन फंक्शन लिहिलं तरी ते विसरू शकत नाही. स्क्रिप्टला वेगळा युजर दिला, हेल्पडेस्कला वेगळा, कारण मर्यादा युजरप्रमाणे आहे. जेसन वाचताना फील्ड नसेल तर काय हेही लिहिलं. आणि एक फाइल लॉक लावलं, म्हणजे पहिली फेरी रेंगाळली तर क्रॉन दुसरी तिच्या डोक्यावर सुरू करणार नाही.

तीन आठवडे शांतता. मी तर चहा पण पाजला सगळ्यांना.

मग एका सोमवारी परत

आणि यावेळी तीन स्विचवर नाही, कुठल्याही. कधी लॅबमधला, कधी लायब्ररीतला, एकदा तर दहा-बारा एकदम. वेळ मात्र ठरलेली, सोमवारी १० वाजून १० मिनिटांनी पहिला ४०१, साडेदहाच्या आत सगळं पूर्ववत. डॉक्टर दारात येईस्तोवर ताप उतरलेला असावा तसं, मी लॅपटॉप उघडून सीएलआयवर सेशन्सची यादी मागेपर्यंत यादी रिकामी. पण ज्या सोमवारी १० ला परीक्षा असायची त्या सोमवारी पोर्ट बदललेच जायचे नाहीत आणि परीक्षा विभागाच्या मॅडम फोनवर, "सर, तुमचं ऑटोमेशन आहे ना?" या वाक्यातला 'तुमचं' फार लागतो.

फायनली होतं, लॉगआउट होत होतं, लॉगमध्ये तशी नोंद होती. मग सेशन्स कोण खातंय?

पुढच्या सोमवारी पावणेदहालाच एसएसएचने एका स्विचवर बसलो आणि दर १० सेकंदांनी सेशन्सची यादी बघत राहिलो. १० वाजेपर्यंत शून्य. १० ला तीन. स्क्रिप्टच्या युजरचीच, एकाच आयपीवरून, काही सेकंदांच्या अंतराने. १०:०५ ला सहा. स्क्रिप्टचा लॉग काय म्हणत होता? १० वाजता लॉगिन फसलं, टाइमआउट, तीन प्रयत्न केले, सोडून दिलं. १०:०५ ला तेच. म्हणजे स्क्रिप्ट म्हणते मला आत घेतलंच नाही आणि स्विच म्हणतो तू तीनदा येऊन बसलायस.

मग रेडियस सर्व्हरचा, म्हणजे युजर-पासवर्ड खरा आहे का ते सगळ्यांच्या वतीने तपासणाऱ्या सर्व्हरचा, लॉग काढला. आमच्याकडे स्विचचं अ‍ॅडमिन लॉगिन रेडियसवरून होतं, आणि त्याच रेडियसवरून आख्ख्या कॅम्पसचं वायफाय पण. तिथे त्या युजरसाठी तीन अ‍ॅक्सेप्ट. तिन्ही यशस्वी. फक्त उशिरा. (हे तीन लॉग शेजारीशेजारी लावताना अर्धा दिवस आणखी गेला कारण स्विचचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं एनटीपी लावलेलंच नव्हतं. असल्या शोधाला बसण्याआधी सगळ्यांची घड्याळं जुळवून घ्या.)

काय होत होतं ते आता जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गोम इथे आहे. सोमवारी चारही वर्षांचं पहिलं लेक्चर १० ला असतं, बाकीच्या दिवशी वेळा विखुरलेल्या आहेत. १० च्या आसपास शेकडो फोन एकदम वायफायला जोडले जातात, आणि ८०२.१एक्स (नेटवर्कवर घेण्याआधी प्रत्येकाची ओळख तपासायची पद्धत) असल्यामुळे प्रत्येक फोनसाठी रेडियसबरोबर एक नाही, बऱ्याच पॅकेटांची देवाणघेवाण होते. रेडियस दमतो. त्याच रांगेत स्क्रिप्टचं लॉगिन उभं. स्विच रेडियसला विचारतो आणि ५ सेकंद थांबतो, रेडियस यूडीपीवर चालतो, जिथे पॅकेट पोचल्याची पावती नसते, त्यामुळे उत्तर नाही आलं तर पॅकेट हरवलं असेल असं धरून पुन्हा विचारतो. उत्तर सहाव्या-सातव्या सेकंदाला येतं. स्विचच्या दृष्टीने सगळं नीट झालं, युजर खरा, सेशन तयार, ही घ्या कुकी.

पण घ्यायला कुणी उभंच नाही. स्क्रिप्टमधला टाइमआउट पण ५ सेकंदांचा! स्विच दुसऱ्यांदा विचारत असतो तेवढ्यात आमची स्क्रिप्ट फोन ठेवून मोकळी. कुकी हातात आली नाही म्हणजे त्या सेशनचं नाव-गाव स्क्रिप्टला माहीत नाही, म्हणजे लॉगआउट करायचं कशाचं? फायनली ब्लॉक बिचारा इमानदारीत चालतो पण त्याच्या हातात काही नसतं. सेशन स्विचवर अनाथ पडून राहतं, २० मिनिटं.

वर मी स्वतः केलेली करामत. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीखाली युआरएललिब३ असते, तिच्यात आपोआप पुन्हा प्रयत्न करायची सोय आहे, पण उत्तर वाचताना टाइमआउट झाला तर ती पोस्टला डिफॉल्टने पुन्हा पाठवत नाही, फक्त गेट, पुट, डिलीट असल्या दोनदा गेल्या तरी बिघडू नये अशा रिक्वेस्ट पुन्हा पाठवते. लिहिणाऱ्यांनी विचार करून ठेवलंय ते. आणि मी, 'लॉगिन पण कधीकधी फसतं ना' म्हणून, पोस्टचं नाव त्या यादीत हाताने घातलं होतं. परिणाम, एका फेरीत तीन प्रयत्न आणि तीन अनाथ सेशन्स. १० ला तीन, १०:०५ ला तीन, सहा झाली. १०:१० ला पहिला ४०१. १०:१५ ला दुसरा. १०:२० च्या पुढे १० ची तीन मरतात, तोवर पोरं वर्गात बसलेली असतात, रेडियस निवांत, लॉगिन चालतं, आणि मी पोहोचतो तेव्हा दाखवायला काही उरलेलं नसतं.

सोमवारची वाट न बघता हे तपासायचं असेल तर टेबलावर एक जादाचा स्विच घ्या, चाचणीचा रेडियस एखाद्या लिनक्स व्हीएमवर उभा करा आणि त्या व्हीएमच्या इंटरफेसवर टीसी-नेटेमने ३ सेकंदांचा उशीर घाला. स्क्रिप्टचा टाइमआउट १ सेकंद ठेवा. तीनदा लॉगिन करा, तिन्ही वेळा स्क्रिप्ट 'फसलं' म्हणेल, मग स्विचच्या सीएलआयवर यादी बघा. आमच्याकडे तीन दिसली, इतकं समाधान मला माझा निकाल लागला तेव्हा पण झालं नव्हतं.

मग काय काय बदललं

टाइमआउट आधी. रिक्वेस्ट्समध्ये दोन टाइमआउट वेगवेगळे देता येतात, कनेक्शन लागायला किती थांबायचं आणि उत्तर यायला किती. कनेक्शनचा मी ४ सेकंदच ठेवला, स्विच बंद असेल तर लगेच कळावं. उत्तराचा मात्र स्विचच्या रेडियस सेटिंगवरून काढला: एका विचारण्याला ५ सेकंद, एकूण ३ वेळा विचारणार, रेडियस सर्व्हर दोन, म्हणजे वाईटात वाईट ३० सेकंद, वर थोडं मिळवून ३५. स्क्रिप्ट स्विचच्या आधी कंटाळता कामा नये, एवढंच सूत्र. तुमच्याकडे रेडियसऐवजी टॅकॅक्स (तशीच लॉगिन तपासायची दुसरी पद्धत) असेल तर तिथेही हाच गुणाकार करा.

पुन्हा प्रयत्न करायचं पण तसंच. कनेक्शनच लागलं नाही तर खुशाल पुन्हा करा, पलीकडे काही घडलेलंच नसतं. कनेक्शन लागलं, रिक्वेस्ट गेली आणि उत्तराची वाट बघताना वेळ संपली, तर पलीकडे सेशन झालंय असंच समजा आणि त्या स्विचला त्या फेरीत पुन्हा हात लावू नका. पोस्टचं नाव त्या यादीतून मी काढलं, आणि वर कॉमेंट लिहून ठेवली की इथे पुन्हा घालायची इच्छा झाली तर आधी मला भेटा.

तिसरं जे केलं त्याने खरा फरक पडला, आणि ते कागदावर हिशोब करताना सुचलं. दर पाच मिनिटांनी एक फेरी म्हणजे दिवसाला २८८, गुणिले ३८ स्विच, १०,९४४ लॉगिन. रोज. परीक्षा नसली तरी, रविवारी पण, दिवाळीच्या सुट्टीत पण. आणि सगळे थ्रेड एकदम सुटायचे त्यामुळे ठीक १०:००:०० ला ३८ लॉगिन रेडियसवर धडकायची, नेमकी त्याच क्षणी जेव्हा बेल वाजलेली असते. म्हणजे मी ज्या गर्दीला नावं ठेवत होतो त्या गर्दीत माझी पण ३८ माणसं होती. आता स्क्रिप्ट पाच मिनिटांनी फक्त शीट बघते, शीट बदलली किंवा एखादी परीक्षा सुरू व्हायची-संपायची वेळ आली तरच, आणि तेवढ्याच स्विचवर जाते. पूर्ण तपासणी तासाला एकदा, तीही तासाच्या १७ व्या मिनिटाला, आणि प्रत्येक स्विचच्या आधी शून्य ते ४० सेकंदांत कितीही थांबून. १० च्या परीक्षेचे पोर्ट पावणेदहालाच बदलून ठेवते. हे शेवटचं तर अक्कल असती तर पहिल्या दिवशीच करता आलं असतं.

कुकी फाइलमध्ये जपून ठेवून पुढच्या फेरीत तीच वापरायची, म्हणजे लॉगिनच नको, असाही एक रस्ता आहे आणि पाच मिनिटं वीसपेक्षा कमी असल्यामुळे तो चालतो पण. मी नाही घेतला. ती फाइल म्हणजे ३८ स्विचची किल्ली, आणि शिवाय बहुतेक स्विचवर सेशनला कमाल आयुष्य असतंच, त्यामुळे ४०१ आला की पुन्हा लॉगिन करायचा कोड लिहावाच लागतो. ज्यांच्याकडे दर मिनिटाला एपीआय मारायची गरज आहे त्यांनी जरूर करावं, फाइलचे परवानगी बिट्स तेवढे आवळून.

स्क्रिप्टला प्रत्येक स्विचवर लोकल युजर द्यावा म्हणजे रेडियसची भानगडच नको, असं एकाने सुचवलं. ते खरं तर सगळ्यात कमी त्रासाचं. पण मग ३८ ठिकाणी पासवर्ड बदलायचा, आणि ऑडिटवाले विचारतात की हा युजर कुणाचा. आमच्याकडे लोकल युजर एकच, रेडियस मेला तर आत शिरण्यासाठी, त्याचा पासवर्ड कपाटात बंद लिफाफ्यात.

सेशन लिमिट भरली असा मजकूर आला तर स्क्रिप्टने एसएसएचने जाऊन सगळी वेब सेशन्स बंद करून टाकावीत का? करता येतं. मी मुद्दाम नाही केलं, नुसती मेल येते. कारण एकदा ते केलं की भोक कधीच सापडणार नाही, बादली खाली ठेवल्यासारखं होईल.

ज्यांच्याकडे रेस्टकॉन्फ हा प्रमाणित एपीआय आहे, म्हणजे जानेवारी २०१७ च्या आरएफसी ८०४० (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) वाला, यांग मॉडेलवर (सेटिंग्जचा ठरलेला साचा) चालणारा, त्यांना हे जसंच्या तसं दिसणार नाही. तिथे साधारणपणे प्रत्येक रिक्वेस्टबरोबर युजरनेम-पासवर्ड जातो, कुकी नाही, सेशन साठत नाही. पण मग प्रत्येक रिक्वेस्टमागे रेडियसला एक हेलपाटा होऊ शकतो, ४८ पोर्ट एकेक करून विचारले तर ४८. तेव्हा एकाच गेटमध्ये सगळे इंटरफेस मागवा.

याच काळात आणखी तीन गोष्टींनी छळलं, त्या पटापट सांगतो. एक, पोर्टाचं नाव १/१/१२ असं असतं आणि ते यूआरएलमध्ये तसंच टाकलं तर स्लॅशमुळे स्विचला तो वेगळाच पत्ता वाटतो, ४०४ येतो. स्लॅशच्या जागी टक्का-दोन-एफ (%2F) टाकायचं. आणि मधे एनजिनएक्स (रिक्वेस्ट पुढे पाठवणारा वेब सर्व्हर) असेल तर त्याच्या प्रॉक्सी-पासच्या ओळीत पत्त्यानंतर शेवटी नुसता स्लॅश जरी लिहिलेला असला तरी तो ते टक्का-दोन-एफ उलगडून पुन्हा साधा स्लॅश करून पुढे पाठवतो, मग तुम्ही कोडमध्ये डोकं आपटत बसता. दोन, पुट आणि पॅच एक नाहीत. पॅच म्हणजे मी देतोय तेवढंच बदल, पुट म्हणजे आहे ते काढून मी देतोय ते ठेव. मी अपलिंकच्या ट्रंकमध्ये (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा पोर्ट) एक व्हीलॅन वाढवायला गेलो आणि पुटने फक्त तोच एक पाठवला, बाकीचे ११ गेले, आणि त्यात मॅनेजमेंटचा पण होता, त्यामुळे एपीआयने परत लावायची सोय पण गेली, कन्सोल केबल घेऊन तिसऱ्या मजल्यावर पळालो. तीन, एपीआयने केलेला बदल रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे फक्त चालू मेमरीत, असतो. तो सेव्ह करायची वेगळी रिक्वेस्ट असते. लाईट गेली, यूपीएसची बॅटरी संपली, स्विच उठला तो तीन महिने जुन्या कॉन्फिगवर. आता परीक्षेचे तात्पुरते बदल आम्ही सेव्ह करत नाही आणि कायमचे बदल लगेच करतो, उलट केलं तर परीक्षेच्या व्हीलॅनमध्ये अडकलेली लॅब आठवडाभर इंटरनेटसाठी रडते, तेही बघून झालंय.

हो, आणि सर्टिफिकेट तपासणी बंद करून चालवत असाल तर निदान स्विचचं स्वतःचं सर्टिफिकेट एकदा उतरवून घेऊन तेच बरोबर आहे का एवढं तरी बघा. आम्ही आतली छोटी सीए (सर्टिफिकेट देणारी व्यवस्था) बनवली, एका दुपारचं काम होतं.

सध्या प्रत्येक फेरीच्या शेवटी स्क्रिप्ट त्या स्विचवर किती सेशन्स उघडी आहेत ते पण लिहून ठेवते. गेले अकरा सोमवार स्क्रिप्टच्या युजरचा आकडा १ च्या वर गेलेला नाही. हेल्पडेस्कच्या युजरचा मात्र लायब्ररीच्या स्विचवर ५ वर गेला होता, विचारलं तर कळलं की त्यांनी आता डॅशबोर्ड मोठ्या टीव्हीवर पण लावलाय.